चार बोटांची चीर

“जे पोर ऐकत नाही त्याची काळजी करू नका, जे नीट ऐकून घेतं, समजून घेतं आणि मग ठरवून उलटं करतं, त्याच्याकडे बघा,” असं मास्तर एकदा म्हणाले होते.

म्हणाले ते एका आईला. तिचा सात वर्षांचा मुलगा दुकानातल्या स्टुलावर उभा राहून मासोळीसारखा वळवळत होता. आई कानकोंडी होऊन सारखी त्याचा दंड धरत होती. मास्तरांनी तिला हात सोडायला सांगितलं, पोराला दोन उड्या मारू दिल्या आणि तिसरी उडी खाली येता येता छातीचं माप घेऊन टाकलं. मग ते वाक्य बोलले. आईला धीर आला. वाक्याचा दुसरा अर्धा भाग तिच्या पोरासाठी नव्हता, म्हणून तो तिने ऐकलाही नसावा.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी त्यांचा संबंध सातवीत तुटला आणि पुढे गणवेशांच्या रूपाने पुन्हा जुळला, तो चौतीस वर्षं टिकला. गल्लीच्या टोकाला शाळा, अलीकडे सहा दुकानं सोडून मास्तरांचं दुकान. आत दोन मशीन, कापायचा फळा, भिंतीला उंच आरसा, आरशासमोर ते स्टूल. मागच्या पडद्याआड जिना आणि वर दोन खोल्या. शाळा सुरू होण्याआधीचे वीस दिवस दुकानाबाहेर आया-बापांची रांग लागायची. प्रत्येक जण तेच सांगायचा, “मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा.” मास्तरही तेच उत्तर द्यायचे, “वाढत्या अंगाला जागा ठेवतो, वाढत्या तोंडाचं तुमचं तुम्ही बघा.” दरवर्षी लोक हसायचे.

मापं एका जाड वहीत उतरवलेली असत. छाती, खांदा, बाही, उंची, आणि शेवटी बारीक अक्षरात एखादा शेरा. बहुतेक पोरांपुढे लिहिलेलं असे, ‘हलतं’. काहींपुढे ‘घाबरतं’. घाबरणारी पोरं टेप अंगाला लागली की श्वास धरत, म्हणून त्यांच्या छातीच्या मापातून मास्तर अर्धा इंच कमी करत. आणि फार थोड्यांपुढे, सगळ्या वर्षांत मिळून पाच-सहांपुढे, लिहिलेलं होतं, ‘हात देत नाही’.

हात न देणं म्हणजे नुसता हट्ट नव्हे. हट्टी पोर हात खाली दाबून धरतं, रडतं, थोड्या वेळाने विसरतं आणि आरशात स्वतःला वाकुल्या दाखवतं. ही पोरं वेगळी. ती हात वर करत. टेप काखेपर्यंत येऊ देत. आणि नेमकी टेप भिडताना हात खाली सोडत. पुन्हा वर, पुन्हा खाली. या वेळात त्यांचं लक्ष टेपकडे नसे, आईच्या चेहऱ्याकडे असे. आईचा चेहरा लाल होईपर्यंत ते चाले आणि लाल झाला की पोराच्या अंगातला ताण उतरे. एकदा घडलं तर मास्तर काही लिहीत नसत. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच, आणि शाळेतून आलेल्या बाईंसमोरही तेच, असं झालं तरच तो शेरा वहीत चढे. अशा एका मुलाच्या बापाला त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे खोडकरपणाचं माप नाही, कुणाला तरी दाखवा. बाप म्हणाला, तुम्ही कापड कापा. त्याने शिंपी बदलला. आठ-नऊ वर्षांनी तोच बाप स्वतःची पँट आखूड करायला आला, बराच वेळ बसून राहिला आणि जाताना एवढंच म्हणाला की तुम्ही तेव्हा बोलला होतात. मास्तरांनी पँटची घडी त्याच्या हातात दिली.

मास्तरांचं दुसरं कसब म्हणजे रफू. जळलेलं, फाटलेलं, खिळ्यात अडकून निघालेलं कापड दुरून दुरून त्यांच्याकडे येई. त्याच कापडाच्या दुमडीतून धागे ओढून काढायचे, बारीक सुईने एक वर एक खाली असे विणत न्यायचे, मग ओल्या फडक्यावरून इस्त्री. काम संपलं की ते कापड खिडकीशी धरत आणि गिऱ्हाइकाला विचारत, “कुठे होतं?” गिऱ्हाईक बोट फिरवत राही. त्या क्षणासाठी मास्तर रफू करत, असं काजवाली म्हणे.

काजवाली त्यांच्या दुकानात एकोणीस वर्षं होती. काजं करायची, बटणं लावायची, दोरे तोडायची. तिच्या मधल्या बोटात पितळी अंगुस्तान असे, सुई ढकलायची टोपी, आणि ते बोट ती बोलतानाही फळ्यावर टकटक वाजवी. ती मास्तरांना भिणारी नव्हती. शिवणीत माया, म्हणजे आत राखायचं जास्तीचं कापड, कमी सोडली तर सरळ सांगायची की पोर वाढणार आहे, तुमचं कापड नाही वाढणार.

वरच्या दोन खोल्यांत मास्तर, त्यांची सून आणि नात राहत. मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा जहाजावर, नऊ-दहा महिन्यांनी यायचा, दीड महिना राहायचा, जाताना सगळ्यांचे फोटो काढून न्यायचा. सून हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात पाळीने काम करे आणि घरी येताना तिच्या हातांना साबणाचा वास असे. नात तेरा वर्षांची.

लहानपणी ती दुकानातच वाढली. फळ्याखाली बसून लोहचुंबकाने टाचण्या गोळा करायची. सातव्या वर्षी तिला एका दमात सुईत दोरा ओवता येई आणि काजवाली तिला म्हणे, “तुझे डोळे मला दे, माझी बोटं तू घे.” मग अकरावं सरताना काहीतरी बदललं. कधी, ते कुणालाच सांगता आलं नसतं. घरातली माणसं आणि घरातलं घड्याळ दोन्ही रोज दिसतात, त्यामुळे मागे पडलेलं कळत नाही.

आधी नुसती उलट उत्तरं. आई म्हणे जेवायला ये. ती म्हणे नाही. का? तर, “तू बोलावलंस म्हणून.” आंघोळ, अभ्यास, दिवा, दार, सगळ्यावर वाद. वादात तिला जिंकायचं नसे. तो संपू द्यायचा नसे. आई थकून गप्प झाली की ती नवा मुद्दा काढी. काही फुटलं, हरवलं, सांडलं तर दोष दुसऱ्याचा. सून म्हणे वय आहे, मीही अशीच होते. मास्तर म्हणत, होय, वय आहे. दुकानात येणाऱ्या आयांना ते जे विचारत, किती दिवस, कुणाकुणाशी, फक्त घरी की बाहेरही, ते त्यांनी वरच्या खोल्यांत एकदाही विचारलं नाही. त्या वर्षी नातीने त्यांना मापही दिलं नाही. ती स्टुलावर चढली, हात वर केले, टेप आली आणि हात खाली आले. तीनदा तसं झालं. मास्तरांनी टेप गुंडाळली आणि गेल्या वर्षीच्या मापात दीड इंच वाढवून अंदाजाने शिवलं. वहीत शेऱ्याची जागा कोरी राहिली.

पहिली चीर उशीच्या अभ्र्याला होती. मास्तर दुपारी जेवायला वर गेले तेव्हा त्यांना दिसली. मधोमध, सरळ, चार बोटं लांब. रागात फाडलेलं कापड वाकडं जातं, धागे ओढले जातात. ही चीर आखल्यासारखी होती, धार लावलेल्या कात्रीची, आणि डावखुऱ्या हाताची. कडेच्या धाग्यांच्या तिरक्या टोकांवरून त्यांना ते कळलं. घरात डावखुरी एकटी नात. उशी सुनेची होती. आदल्या दिवशी सुनेने तिला मैत्रिणीकडे राहायला जाऊ दिलं नव्हतं.

मास्तरांनी अभ्रा खाली आणला, शटर अर्धं ओढलं आणि जेवणाच्या सुट्टीत रफू करून टाकलं. सून संध्याकाळी आली आणि त्याच उशीवर झोपली.

त्यानंतर सुनेचा कामाचा एप्रन, खिशाच्या खाली. मग तिची चादर. मग मुलाचा कपाटातला शर्ट, तो फोनवर येतो म्हणाला आणि आला नाही त्या आठवड्यात. मग सुनेच्या खोलीतला पडदा. शेजारच्या मुलाचं दप्तर, जिन्यात ठेवलेलं. एका गिऱ्हाइकाची पँट, ज्याने तिला दुकानात फोनवर मोठ्याने बोलू नको म्हटलं होतं. प्रत्येक वेळी एकच चीर, चार बोटं लांब. आणि प्रत्येक वेळी ज्याने कशाला तरी ‘नाही’ म्हटलं होतं, त्याचंच कापड. मास्तरांना हे तिसऱ्या वेळीच उमगलं होतं. उमगूनही ते दुपारी शटर अर्धं ओढत. कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, पोरीचं नाव कशाला खराब करा. पण विचारणार कोण? त्यांच्याशिवाय कुणाला काही दिसतच नव्हतं.

मधे हिवाळ्यात तीन दिवस मास्तर जाकिटाशिवाय बसले. राखाडी रंगाचं ते जाकीट त्यांच्या अंगावर बारा महिने असे. त्याच्या खिशांत खडू, पेन्सिल, छोटी कात्री, सुयांचा कागद. काजवालीने विचारलं तेव्हा म्हणाले, अस्तर बदलतोय. चौथ्या दिवशी जाकीट परत अंगावर आलं. काजवालीने पाहिलं, अस्तर जुनंच होतं.

एकदा त्यांनी वर जाताना नातीला खिडकीत पाहिलं. तिने एप्रन उजेडाकडे धरला होता आणि तिचं डावं बोट कापडावरून हळूहळू फिरत होतं, कुठे होतं ते शोधत. तिला सापडलं नाही. तिने एप्रन खुंटीला लावला. त्याच आठवड्यात पडद्याला चीर पडली.

असे चौदा महिने गेले.

मग शाळेच्या शर्टांचं झालं. सव्वीस शर्ट, दुसऱ्या दिवशी शाळेत पोचवायचे, घडी करून फळ्यावर रचलेले. दुपारी काजवाली हात धुऊन आली आणि वरचा शर्ट उचलला, तर दुसरं बटण नाही. खालच्याला नाही. सव्वीसच्या सव्वीस शर्टांचं दुसरं बटण कापलेलं, आणि बटणं एका वाटीत नीट ठेवलेली. सून तेव्हा घरी होती. आवाज ऐकून खाली आली. नातही आली, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली की काजवाली सकाळी पुटपुटत दोरे तोडत होती, मी पाहिलं.

सून दमलेली होती. काजवालीचं आणि तिचं आधीच थोडं वाकडं होतं. मुलीला लाडावून ठेवलंय असं काजवाली तोंडावर बोलायची. सुनेने विचारलं, एवढा राग होता तर सांगायचं होतंस, पोरांच्या कपड्यांवर कशाला काढलास?

काजवाली मास्तरांकडे वळली. “मास्तर, तुम्ही सांगा.”

मास्तरांच्या हातात एक शर्ट होता. बटणाच्या जागी राहिलेल्या दोऱ्याची टोकं तिरकी कापलेली होती, डावीकडून. काजवाली उजव्या हाताने काम करते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी ती टोकं अंगठ्याने दाबून बसवली आणि म्हणाले, “जाऊ दे आता. बटणं परत लावून घेऊ.”

काजवालीने बोटातलं अंगुस्तान काढून फळ्यावर ठेवलं.

“दुनियेच्या पोरांची मापं घेता मास्तर,” ती म्हणाली, “घरातलं तेवढं अंदाजाने शिवता.”

ती गेली. मास्तरांनी आणि सुनेने मिळून सव्वीस बटणं लावली. नात वर जाऊन गाणी ऐकत बसली. त्या दिवशी ती जेवायला पहिल्या हाकेला आली, आणि सून म्हणाली, बघा, कधीकधी किती शहाण्यासारखी वागते.

पुढच्या महिन्यात शाळेतून पत्र आलं. वर्गातल्या एका मुलीच्या रेनकोटाला चीर पडली होती आणि आठ दिवसांनी वर्गशिक्षिकेच्या पिशवीला. दुसऱ्या वेळी नात कात्रीसकट सापडली. तिथे रफू करायला मास्तर नव्हते. पत्रात लिहिलं होतं की आणखी एकदा असं घडलं तर नाव कमी करण्यात येईल. त्याआधी पालकांनी शाळेच्या समुपदेशक बाईंना भेटावं. बाईंच्या अहवालावर पुढचं ठरेल.

सुनेने पत्र दोनदा वाचलं आणि मास्तरांना सांगितलं की तिथे कमी बोलायचं. दोन प्रकार शाळेला माहीत आहेत, दोनच सांगायचे. घरातलं काही काढायचं नाही. पोरीच्या कपाळावर एकदा शिक्का बसला की बसला.

मास्तर त्या दुपारी अंगुस्तान खिशात घालून काजवालीकडे गेले. तिचं घर तीन गल्ल्या पलीकडे, एका खोलीचं. ती दारात बसून कुणाच्या तरी कोटाला बटणं लावत होती आणि बोटाला सुई टोचू नये म्हणून तिने चिंधी गुंडाळली होती. मास्तरांनी अंगुस्तान पुढे केलं. चूक झाली म्हणाले. काजवालीने चिंधीचं बोट वर करून त्यांना थांबवलं. मला सांगून काय उपयोग, मला तर त्याच दिवशी ठाऊक होतं, असं ती म्हणाली. आणि जाकिटाचं अस्तर किती जुनं आहे तेही. मग दोरा दातांनी तोडत म्हणाली, “ते तुमच्याकडेच राहू दे. जिथे बोलायचं तिथे बोलून या, मग द्या.”

भेटीच्या दिवशी मास्तरांनी एक कापडी पिशवी बरोबर घेतली. सुनेला वाटलं, वाटेत कुणाचे तरी कपडे पोचवायचे असतील.

बाईंची खोली शाळेच्या तळमजल्यावर, ग्रंथालयाशेजारी होती. खुर्च्या मुलांच्या उंचीच्या, त्यामुळे मोठ्या माणसांचे गुडघे वर येत. टेबलावर रंगीत खडूंचा डबा, रुमाल आणि एक कोरा फॉर्म. बाईंना सर्दी झाली होती. त्या मधूनमधून थांबून नाक पुसत आणि पुन्हा तिथूनच सुरू करत. नात खिडकीशेजारी बसली. तिने गणवेशाचा शर्ट घातला होता, खांद्यात तो घट्ट होत होता.

बाईंनी विचारलेले प्रश्न मास्तरांना ओळखीचे वाटले. किती दिवसांपासून? आठवड्यातून कितीदा? फक्त आईशी, की सगळ्या मोठ्यांशी? नियम सांगितला की चिडते, की नियम सांगणाऱ्याला त्रास व्हावा असं काही करते? नंतर वाईट वाटतं का? दोष कुणाला देते? घरी आणि शाळेत सारखंच, की एकाच ठिकाणी?

सून ठरल्याप्रमाणे उत्तरं देत होती. घरी उलट बोलते, पण ते सगळीच बोलतात. वस्तूंचं म्हणाल तर दोनदाच, शाळेत झालं तेवढं. तेही कुणीतरी चिडवलं असेल.

बाईंनी लिहिलं नाही. त्या म्हणाल्या की या वयात सगळी मुलं दारं आपटतात. काही दिवस आपटतात, मग आपणच दार उघडून खायला काय आहे विचारतात. त्याला उपचार लागत नाहीत, मोठ्यांची झोप लागते. पण कधीकधी ते निराळं असतं. महिनेन् महिने टिकतं, जिथे जाईल तिथे बरोबर जातं आणि त्यात माणूस नेमून दुखवणं असतं. तेव्हा ते मूल स्वतःहून थांबू शकत नाही. त्याला मदत लागते आणि घरालाही. मुलांच्या दवाखान्यात तशी सोय आहे. दर आठवड्याला जावं लागतं, आईलाही बसावं लागतं, आणि तेवढ्या काळात शाळा नाव काढत नाही. मात्र त्यासाठी फॉर्मवर खरं लिहिलेलं लागतं.

“आणि दोनदाच असेल तर?” सुनेने विचारलं.

बाईंनी रुमाल बाजूला ठेवला. “शिक्षेसाठी दोनदा पुष्कळ झालं, ताई. उपचारासाठी दोनदा पुरत नाही.”

बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते. सून फॉर्मकडे बघत होती. तिने कमी करून आणलेला आकडा तिच्याच पोरीवर उलटला होता, हे तिला कळत होतं की नाही, तिच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं.

मास्तरांनी खुर्चीखालची पिशवी ओढली आणि टेबलावर ठेवली. पहिल्यांदा उशीचा अभ्रा काढला. तो बाईंसमोर पसरला आणि सवयीने विचारलं, “कुठे होतं?”

बाईंना प्रश्न कळला नाही. मास्तरांनी अभ्रा उलटा केला. रफू सुलट्या बाजूने दिसत नाही. उलट्या बाजूला धाग्यांची टोकं सोडावी लागतात, ती छाटली तर विणलेलं सुटतं. तिथे चार बोटं लांब, दोन्ही बाजूंनी बारीक लव असलेली एक रेघ होती, सुरवंटासारखी. मास्तरांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि महिना सांगितला. त्या दिवशी आईने मैत्रिणीकडे जाऊ दिलं नव्हतं, तेही सांगितलं.

मग चादर. मग एप्रन.

“हा मी रोज घालते,” सून म्हणाली. तिने एप्रन ओढून घेतला, उलटा-सुलटा केला आणि पुन्हा उलटा केला. “बाबा, हा मी रोज घालते.”

मास्तर थांबले नाहीत. गिऱ्हाइकाला कपडे दाखवावेत तसे एकेक काढत गेले, उलटे करत गेले, महिना आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचं नाव सांगत गेले. मुलाचा शर्ट. पडदा. मधे म्हणाले की दप्तर आणि पँट आणता आली नाही, ती ज्याची त्याच्याकडे आहेत. शेवटी सव्वीस शर्टांचं सांगितलं. काजवालीने केलं नव्हतं, आपल्याला तेव्हाच दोऱ्यावरून दिसलं होतं, असंही सांगितलं. शाळेतले दोन धरून दहा झाले. बाई आता लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी एकदा वर पाहून विचारलं की हे सगळं तुम्ही एकट्याने, कुणाला न सांगता? मास्तर म्हणाले, हो, जेवणाच्या सुट्टीत.

या सगळ्या वेळात नात खिडकीबाहेर बघत होती. अभ्रा निघाला तेव्हा तिने मान वळवली. पडदा उलटा झाला तेव्हा ती खुर्चीत पुढे सरकली आणि तिचं डावं बोट टेबलाच्या कडेला येऊन थांबलं. रेघेवर तिने बोट ठेवलं नाही. मात्र एकेका रेघेकडे ती अशी बघत होती, जशी माणसं जुन्या पत्त्यावर आपलं घर शोधतात.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का? काहीही चालेल, नाही सांगितलंस तरी चालेल.

सुनेने डोळे मिटले. ती आता काय ऐकावं लागणार याची वाट बघत होती; काजवालीचं नाव, शिक्षिकेचं, तिचं स्वतःचं.

नातीने आजोबांकडे पाहिलं. “एक राहिलं,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात नेहमीचा टोचरेपणा होता, की दुसरं काही, हे बाईंनी नंतर अहवालात लिहायचा प्रयत्न केला असावा. ते तिथल्या कुठल्याच रकान्यात बसण्यासारखं नव्हतं.

मास्तर उठले. कमी उंचीच्या खुर्चीतून उठायला त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. त्यांनी जाकिटाच्या खिशांतून खडू काढला, पेन्सिल, छोटी कात्री, सुयांचा कागद, आणि सगळं बाईंच्या खडूंच्या डब्याशेजारी ओळीने ठेवलं. मग अंगुस्तान काढलं, ते शर्टाच्या खिशात टाकलं. जाकिटाची बटणं सोडली, जाकीट अंगातून काढलं, बाह्या नसलेलं ते कापड झटकून उलटं केलं आणि ढिगाच्या वर पसरलं. पाठीच्या मधोमध, अस्तराच्या आतून बाहेरपर्यंत, चार बोटं लांब रेघ होती. बाकीच्या सगळ्यांपेक्षा बारीक काम होतं ते. तीन दुपारी लागल्या होत्या.

त्याचा महिना त्यांनी सांगितला नाही. ‘नाही’ कुणी म्हटलं होतं, तेही नाही.

नातीने हात पुढे केला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं.

मास्तर शर्टातच, खांदे थोडे आखडून, दाराकडे वळले आणि खिशातलं अंगुस्तान चाचपत काजवालीच्या घराकडे निघाले.